नवी पेठेतलं कॉमिकचं दुकान: जिना चढायची तयारी ठेवा

आधी जिन्याचं सांगते, कारण निम्मी माणसं तिथूनच परत जातात. सोलापूरच्या नवी पेठेत मुख्य रस्त्यावरून आत वळलेल्या एका बोळात खाली शिलाईचं दुकान आणि झेरॉक्स, आणि त्या दोघांच्या मधून वर जाणारा लाकडी जिना. चांगलाच उभा. कठड्याच्या जागी दोरी. दोरी मळकी आहे, पण पक्की आहे. वर गेल्यावर नावाची पाटी शोधू नका. दारावर अजून 'वह्या, रजिस्टर, रफ पॅड' हीच जुनी पाटी आहे आणि ती बदलायची मालकांना गरज वाटत नाही. खाली टेलरला 'कॉमिकवाले अण्णा' एवढं विचारा, तो मशीनवरून मान न काढता बोट वर करतो.

मी जुळे सोलापुरात मेडिकल चालवते. दिवसभर काउंटरच्या आत उभं राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या काउंटरवर गेलं की काही गोष्टी आपोआप दिसतात. माल कसा लावलाय, पडून राहिलेला माल पुढे सरकवतोय का, गिऱ्हाईक दारात आलं की मालकाची नजर आधी कुठे जाते. या दुकानाबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हे, की इथे मालातली खोट गिऱ्हाइकाला सापडायच्या आधी दुकानदार स्वतः सांगतो. तक्रारी आहेत, त्याही सांगणार आहे. पण औषधाच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनसुद्धा असा काउंटर मी फारसा बघितलेला नाही.

पहिल्यांदा गेले ती माझ्यासाठीच. मुलाचं निमित्त नंतरचं. मला मराठी इंद्रजाल हवी होती. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली ही कॉमिक्स सुरू केली आणि १९९० साली ती बंद पडली. आमच्या मंगळवेढ्याच्या मामाकडे त्यांची ट्रंक होती. वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मॅन्ड्रेक, बहादूर, सगळे नायक एकात एक कोंबलेले. एका दिवाळीच्या साफसफाईत मामीने ती ट्रंक रद्दीवाल्याला दिली. (यावर आमच्या घरात अजूनही मामीसमोर कुणी बोलत नाही.)

अण्णांनी माझ्यापुढे चार-पाच अंक ठेवले. प्रत्येक अंक स्वच्छ पिशवीत, आत मागे पुठ्ठा. पहिला बाहेर काढला आणि माझ्या हातात द्यायच्या आधी स्वतः पानं मोजली. बोटाला थुंकी न लावता, हे मुद्दाम नोंदवते. मग म्हणाले, "ताई, हे घेऊ नका. मधली चार पानं नाहीत. गोष्ट कळंल की, पण तुम्ही बारीक वाचणाऱ्यातल्या दिसताव. रात्री झोप लागायची नाही." पिना गंजल्या की मधला कागद सगळ्यात आधी सुटतो, आणि तो एक कागद गेला की चार पानं जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती.

दुसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ मस्त चकचकीत होतं. माझा हात तिकडे गेलेला बघून त्यांनी ड्रॉवरमधून पितळेचं, घडी होणारं एक भिंग काढलं. पूर्व भागात ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना हे भिंग दाखवायला नको. टॉवेलच्या कापडात इंचाला किती धागे बसलेत ते मोजायचं हे भिंग. उघडलं की आपल्या पायांवर उभं राहतं, वर डोळा लावायचा. त्यांनी आधी एका जुन्या अंकावर ते ठेवलं. वेताळाच्या पोशाखाचा रंग म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके, एकमेकांच्या कुशीत, काही जागी रंग ठिपक्याबाहेर थोडा सरकलेला. मग तेच भिंग चकचकीत कव्हरवर. तिथे ठिपके नीट नाहीतच. आडव्या बारीक रेघा आणि अक्षरांच्या कडेला काळी भुकटी उडालेली. "कलर झेरॉक्स," अण्णा म्हणाले. "आतलं खरं, वरचं झेरॉक्स. ज्यानं मला विकलं त्यानं सांगितलं नव्हतं. मी सांगलालोय." त्या अंकाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तसंच लिहिलेलं होतं. किंमत साठ रुपये.

ही चिठ्ठी हा या दुकानाचा खरा माल आहे असं मी म्हणेन. प्रत्येक पिशवीत हाताएवढ्या अक्षरात नव्हे, बारीक, पण वाचता येईल अशी: 'मागच्या कव्हरला टेप.' 'कोडं पेनाने सोडवलेलं.' 'वाचनालयाचा शिक्का, पान १ आणि ९.' 'बाइंडिंगची भोकं.' पूर्वी भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं पाच-सहा अंक एकत्र शिवून टाकायची आणि मग कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापून घ्यायची. त्या कापण्यात कधी पानाचा क्रमांक गेला, कधी मॅन्ड्रेकच्या टोपीचा वरचा भाग. असे अंक वाचायला काही वाईट नाहीत, संग्रह करणाऱ्याला मात्र नको असतात. कापलेल्या आणि न कापलेल्या अंकांचे दर वेगळे लावलेत, आणि का वेगळे ते लिहिलंय. आमच्याकडे पट्टीवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापून येते म्हणून आम्ही प्रामाणिक. इथे कायदा काही मागत नाही, तरी माणूस लिहितोय.

दर म्हणाल तर मराठी अंक चांगल्या अवस्थेत दीडशे ते चारशे. मुखपृष्ठ गेलेले पन्नासला, ते खाली खोक्यात टाकलेले असतात, पोरांनी उकरावं म्हणून. बी. गोविंद यांनी रंगवलेलं कव्हर शाबूत असेल तर भाव वर. बहादूरचे सुरुवातीचे अंक आले की टिकत नाहीत. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला हा केशरी कुर्ता आणि जीनवाला नायक, आपल्या मातीतला, डाकूंशी लढणारा. त्याला मागणी पुण्याहून जास्त येते म्हणे. इंग्रजी अंकांचे दर मराठीहून चढे. मराठी कमी सापडतात, मग उलटं का, असं मी विचारलं. अण्णांचं उत्तर: "ज्याच्याकडं पैसा आलाय तो आता बेंगळुरात आहे, आणि तो इंग्रजीच गोळा करलालाय." पटलं नाही, पण त्यांच्या वहीत कुठल्या गावाला काय गेलं ते लिहिलेलं असतं, तेव्हा वाद घातला नाही.

खोलीबद्दल. लांबट खोली, डाव्या भिंतीला जुनं, उजव्या भिंतीला नवं, मधे दोन बाकं, समोर काचेचं कपाट. पश्चिमेच्या खिडकीवर जाड चादर ठोकलीय, आपली सोलापुरीच, मोराची. ऊन थेट आलं की जुना कागद वर्षात तांबडा होतो. हा स्वस्तातला वर्तमानपत्री कागद, लाकडाच्या लगद्याचा, तो आधीच आतून आम्ल धरत असतो. उन्हाने त्याला घाई होते. आणि कूलर नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असताना सोलापुरात कूलर न लावणारा दुकानदार बघायचा असेल तर या. कारण विचाराल तर ओल. कूलरची ओली हवा कागद फुगवते, पिना गंजवते, आणि मग कसर येते. पंखा आहे, तोही हळू. दुपारी दोन ते पाच दुकान बंद असतं, ते बरंच आहे. म्हाताऱ्या माणसांनी उन्हाळ्यात सकाळीच जावं. उघडतं मात्र अकराच्या पुढे, कधी साडेअकराला.

पिशव्यांची गंमत सांगते. कॉमिकच्या मापाच्या बाहेरून मागवलेल्या पिशव्या महाग पडतात. अण्णा त्या इथेच बनवून घेतात, ज्याच्याकडून टॉवेलवाले पॅकिंगच्या पिशव्या घेतात त्याच्याकडून, दोन मापांत. पण चादरीला पूर्वी यायची ती जाड, वास मारणारी, चेनची पिशवी नाही. ती पीव्हीसीची, उन्हाळ्यात चिकट होते आणि छपाईची शाई उचलते. ही कडक, करकर वाजणारी पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची. पॅकिंगमधला हा फरक मला धंद्यामुळे कळतो, आणि पिशवी चोळून बघितल्यावर मनातल्या मनात त्यांना पास केलं. रिकाम्या पिशव्या शंभराच्या गठ्ठ्याने विकत मिळतात. घरी जुने किशोर, चांदोबा, चिंटूची पुस्तकं असतील तर एवढ्यासाठी तरी जा.

आता विकणाऱ्याच्या बाजूने. माझी शाळेतली मैत्रीण अक्कलकोटची. तिच्या सासऱ्यांच्या माडीवर दोन पेट्या निघाल्या, अमर चित्र कथा आणि राज कॉमिक्स. ती घेऊन गेली. अण्णांनी वजनावर भाव केला नाही, सगळ्या पेट्या बाकावर ओतून दुपारभर निवडत बसले, तीन ढीग केले आणि ढिगागणिक दर सांगितला. राज कॉमिक्सचा नायक नागराज, त्याचे सुरुवातीचे, चित्रकार प्रताप मुळीकांच्या हातचे अंक वेगळे काढले आणि त्याचे वेगळे पैसे दिले. मुळीक पुण्याचे, अमर चित्र कथेतही त्यांचं भरपूर काम आहे; मैत्रिणीला हे त्या दिवशी कळलं. पण नंतर तिने दुकानाच्या व्हॉट्सॲपवर तेच अंक तिप्पट दराने लागलेले बघितले आणि तिचं तोंड जे कडू झालं ते अजून गोड झालेलं नाही. "लुटलं गं मला," म्हणते. मला तसं वाटत नाही. आम्ही औषधात सोळा-वीस टक्क्यांवर दुकान चालवतो, पण आमचा माल महिन्यात फिरतो आणि न खपलेला कंपनी परत घेते. यांचा अंक तीन वर्षं पिशवीत बसून राहिला तर परत कुणाला देणार? तिप्पट ऐकायला जास्त वाटतं, तरी. मैत्रिणीचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे: विकताना एवढी चिठ्ठी लिहिता, मग विकत घेताना 'हे मी इतक्याला लावणार आहे' हे पण सांगा की.

उजवी भिंत माझ्या मुलाची. आठवीत आहे, मांगा वाचतो. जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचायचं, काळं-पांढरं. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि शंभराच्या वर खंड झालेत. म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाने आधीच विचार करावा. मागच्या वाढदिवसाला आम्ही ऑनलाइन मागवलं होतं, निम्म्या किमतीत. कागद पातळ, मागच्या पानाचं चित्र पुढे दिसतंय, काळा रंग राखाडी, आणि बाइंडिंगच्या खाचेत अर्धे शब्द गिळलेले. मुलगा काही बोलला नाही, नुसता पानं उलटत राहिला. तो खंड घेऊन आम्ही इथे आलो. अण्णांनी शेजारी खरा खंड उघडून ठेवला आणि दोन्ही त्याच्या हातात देऊन म्हणाले, "तूच सांग बे." त्याने चार फरक सांगितले, पाचवा अण्णांनी दाखवला: मागच्या बारकोडच्या रेघा पसरलेल्या. खरा खंड छापील किमतीत दिला, सूट नाही. सूट मागू पण नका, नव्या पुस्तकांवर ते देत नाहीत. पण पहिला खंड दुकानात शिल्लक नसेल तर 'तिसऱ्यापासून सुरू कर' असं सांगून गळ्यात मारत नाहीत, वहीत नाव लिहून घेतात.

मांगावरून एक प्रसंग मी बाकावर बसून पाहिला. एक आजोबा नातवासाठी नेलेला खंड परत घेऊन आले. बाइंडिंग उलटं लागलंय, पैसे परत द्या. त्यांना कुणी हसलं नाही. अण्णांनी बाकावर बसवलं, पाणी दिलं, पहिलं पान उघडून बोट फिरवून दाखवलं, उर्दू पुस्तकासारखं धरा म्हणाले. आजोबा म्हणाले, मग आधी सांगायचं ना. तेव्हापासून त्या कप्प्यावर कागद चिकटवलाय: 'हे पुस्तक उलटं नाही. इकडून उघडा,' आणि बाण. मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत. काउंटरवर या तिन्ही भाषा चालतात, दखनीसुद्धा. एकाच वाक्यात चारही आल्या तरी कुणाला काही वाटत नाही. सोलापूर आहे.

काचेच्या कपाटाबद्दल मात्र माझं आणि त्यांचं जमत नाही. त्यात पुतळे असतात, सुपरहिरोंचे आणि ॲनिमेतले, म्हणजे जपानी कार्टूनमधले. वरच्या दोन फळ्या खऱ्या मालाच्या, महागड्या. एवढे महाग का, ते ते सांगतात: खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये वीस टक्क्यांची साठ झाली, २०२३ मध्ये सत्तर, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. म्हणून बऱ्याच खोक्यांवर तुम्हाला पंधरा वर्षांवरच्यांसाठी असं लिहिलेलं दिसेल. हे सगळं ठीक. पण खालच्या फळीवर तेच पुतळे तीनशे-चारशेला, आणि चिठ्ठी: 'कॉपी आहे. रंग हाताला लागू शकतो.' गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवर मिळतो तोच माल. अण्णांचं म्हणणं, पोराकडं तीन हजार नसतात, आणि मी फसवत तर नाही. फसवत नाहीत, मान्य. पण नकली ते नकली. माझ्या दुकानात मी 'ही गोळी बनावट आहे, गुण येऊ शकतो' अशी चिठ्ठी लावून विकायला बसले तर संध्याकाळपर्यंत शटरला सील लागेल. शिवाय हाताला लागणारा रंग लहान पोराच्या तोंडात जातो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "बघू की ताई." फळी अजून तिथेच आहे.

आणि आता हॉट व्हील्स, म्हणजे शनिवारचा राडा. १९६८ पासून निघणाऱ्या या बोटभर गाड्या पोरांसाठी आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिवारी संध्याकाळी जिना चढून बघावं. पोरं दोन, बाकी मिशा फुटलेले. एका कार्टनमध्ये बहात्तर गाड्या असतात, त्यात कधी एखादी ट्रेझर हंट, म्हणजे मुद्दाम कमी काढलेली गाडी, निघते. गाडीवर कुठेतरी गोलातली ज्वाळा बारीक छापलेली असते, ती शोधायची. त्याहून दुर्मीळ सुपर, तिला रबराची चाकं आणि चमचमता रंग. अशी गाडी छापील किमतीत घेऊन बाहेर हजारोंना विकणारे लोक असतात, आणि ते दुकान उघडायच्या आधी जिन्यावर बसलेले असतात. अण्णांचा नियम चांगला आहे: कार्टन सगळ्यांसमोर फोडायचं, एका माणसाला दोन गाड्या, लहान पोरं आधी. एकदा एका कॉलेजच्या पोराने लहान भावाला, मग चुलत भावाला, मग खालच्या टेलरच्या पोराला रांगेत उभं केलं. अण्णांनी टेलरच्या पोराला ओळखलं. "का बे, तुझा बाप खाली ओरडलालाय, काजं करायची राहिलीत," एवढंच बोलले. सगळी रांग हसली आणि तो पोरगा उतरला.

पण. गल्ल्याच्या आत, गुडघ्याच्या उंचीला एक ड्रॉवर आहे. कार्टन फोडलं तेव्हा त्यातून एक गाडी न दाखवता त्या ड्रॉवरमध्ये गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, माझ्या मुलाने पण बघितलं. विचारल्यावर म्हणाले, एक जुनं गिऱ्हाईक आहे, आजारी असतं, येऊ शकत नाही. असेल. आमच्याकडेही नेहमीच्या पेशंटसाठी इन्सुलिन बाजूला ठेवतो, पण ते औषध आहे आणि फ्रिजवर त्यांचं नाव लिहिलेलं असतं. सगळ्यांसमोर फोडतो म्हणायचं आणि एक आत सरकवायची, मग नियमाला काय अर्थ. नियमच बदला: एक राखीव, असं भिंतीवर लिहा, कुणी काही म्हणणार नाही. चिठ्ठ्या लिहायचा एवढा नाद आहेच. मुलाने त्या दिवशी दोनपैकी एकच गाडी घेतली, फुगून.

बायकांसाठी एक सांगायचं राहिलं. इथे येणाऱ्यांत बायका कमी, आणि सुरुवातीला प्रत्येकीला 'मुलासाठी का?' हा प्रश्न येतो. मला आला. माझ्यानंतर आलेल्या इंजिनिअरिंगच्या दोन पोरींना आला. त्यातली एक म्हणाली, नाही, वडिलांसाठी, आणि दोघी स्वतःसाठी बारा खंड घेऊन गेल्या. नंतर अण्णा विचारायचे थांबले आहेत, निदान माझ्यासमोर. बाकावर मात्र कितीही वेळ बसून वाचा, कुणी हटकत नाही. मिलमधून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी येऊन मॅन्ड्रेक वाचतात. विकत एकही घेतलेला मी पाहिला नाही. पाणी भरून आणतात ते मात्र तेच.

व्हॉट्सॲपची सेवा मला आवडत नाही. रात्री साडेअकराला चाळीस फोटो टाकतात, किंमत नाही, 'हवं असल्यास मेसेज करा'. मेसेज केला तर उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर माल गेलेला. पॅकिंग मात्र उत्तम. माझ्या बहिणीला बार्शीला पाठवलेलं पार्सल दोन पुठ्ठ्यांच्या मधे, कोपऱ्यांना कापडाच्या चिंध्या लावून आलं होतं. कुरिअरवाल्याने त्यावर उभं राहिलं असतं तरी काही झालं नसतं. युपीआय चालतं. बिल मागितलं तर मिळतं, मागावं लागतं. गाडी मात्र नवी पेठेत नेऊच नका, पार्क चौकाच्या बाजूला कुठे तरी लावा आणि चालत या.

माझ्या हरवलेल्या अंकांची यादी त्यांच्या वहीत आहे. मामाच्या ट्रंकेतले जेवढे आठवले तेवढे लिहून दिलेत, आणि क्रमांकाचा घोळ त्यांनीच सोडवून दिला, कारण पुढच्या काळात नुसता क्रमांक जाऊन वर्ष आणि अंक असं छापायला लागले होते. मागच्या आठवड्यात फोन आला. एक सापडलाय, बहादूरचा, पानं सगळी आहेत, पण मागच्या कव्हरवर कुणीतरी शाईने बेरजा केल्यात. एकशे ऐंशी म्हणतात. मी म्हटलं एकशे वीस, आणि बेरीज पण चुकीची आहे. "बेरजेचे पैसे लावले नाहीत की ताई," म्हणाले. अंक पिशवीत घालून माझ्या नावाने ठेवलाय, बहुतेक त्याच ड्रॉवरमध्ये. दीडशेपर्यंत जायची माझी तयारी आहे, पण हे त्यांना सांगू नका.